कानाची चादर

मंगळवार, ४ फेब्रुवारी
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर चादरी ठेवायची एक खोली आहे. तिला खिडकी नाही. तिथे बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आहे आणि मांडीवर ट्रे ठेवून लिहितो आहे. दोन ते अडीच आमची जेवणाची सुट्टी. डबा संपला, उरलेला वेळ तुमचा.

तुमच्या भावाच्या घरी फोन आला की तो दिवाणखान्यात सगळ्यांसमोर घ्यावा लागतो, म्हणून फोन करू नका, असं तुम्ही बजावलं होतं. तेव्हा हे पत्र शिवणक्लासच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पोचायला बारा दिवस लागतील असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. बाराचे तेरा झाले तर राग मानू नका.

तुमचं काम विसरलेलो नाही. मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही क्लासच्या पायरीवर उभ्या राहून म्हणालात, "भावजी, तुमचा दादा तिथे असला तर 'आहे' लिहा, नसला तर 'नाही' लिहा. एकच ओळ पाठवा. मला बाकी काही नको." आणि मुदत दिलीत फेब्रुवारी संपेपर्यंतची. त्यानंतर तुमचे भाऊ त्या किराणावाल्या गृहस्थांना तुमच्या लग्नाचा होकार कळवणार. माणूस बरा आहे, त्याची मुलगी गोड आहे, असं तुम्हीच सांगितलंत. सात वर्षं ज्याने चार ओळी लिहिल्या नाहीत त्याच्यासाठी किती थांबायचं, हे मी कसं सांगू? दादा माझा सख्खा भाऊ असला तरी नाही सांगू शकत.

सात वर्षांपूर्वी आलेल्या त्याच्या शेवटच्या पाकिटावर या शहराचा शिक्का होता, एवढ्यावर मी इथे आलो. आईला वाटतं मी नोकरीसाठी आलो. तेही खोटं नाही.

नोकरीचं सांगतो. आल्याआल्या एका खानावळीत भांडी घासली. तिसऱ्या दिवशी मालकाचा मेहुणा गावाहून आला आणि माझी जागा त्याला मिळाली. मग एका सहल कंपनीत पर्यटकांच्या बॅगा बसवर चढवल्या, पण हंगाम संपल्यावर त्यांनी हात वर केले. पाच हॉटेलांत अर्ज दिले. अर्ज लिहिताना इथल्या भाषेतला एकही शब्द चुकू नये म्हणून मी ते दुकानांच्या पाट्यांवरून पडताळून घेत होतो. आमच्या खोलीत आपल्याच भाषेचे एक काका राहतात. पन्नाशीचे आहेत, वेटरचं काम करतात. ते हसायचे. "अरे, अर्ज कोण वाचतंय? इथलं नोकरीचं म्हणजे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखं आहे. चहा पाजतात, चालून दाखव म्हणतात, आणि 'कळवतो' म्हणून वाटेला लावतात."

या हॉटेलातही तसंच होणार होतं. इथल्या खोल्यांच्या देखरेखीवर एक बाई आहे. गळ्यात शिट्टी घालते. मजल्यावर कुणाला हाक मारत नाही, शिट्टी वाजवते. सगळे तिला शिट्टीच म्हणतात. तिने मला एका रिकाम्या खोलीत नेलं, लॉन्ड्रीतून आलेला चादरींचा गठ्ठा पुढे टाकला आणि म्हणाली, "बिछाना घाल."

आणि वहिनी, गठ्ठ्यात हात घातला तर बोटाला कान लागला.

तुम्हाला कदाचित हे माहीत नसेल. तुम्ही घरात आलात तेव्हा बाबांचा लग्नाकार्याला गाद्या-चादरी भाड्याने द्यायचा धंदा जोरात होता आणि घड्या घालायला सगळेच बसायचो. पण कान घालायचं काम बाबांनी आम्हा दोघा भावांनाच दिलं होतं. चादर फाटलेली किंवा डागाळलेली असली की शेवटच्या घडीला तिचा एक कोपरा आत मुडपायचा. तो कान. मांडवात घाईच्या वेळी बघत बसायला वेळ नसतो. हाताला कान लागला की ती चादर खाली अंथरायची आणि धड चादर वर. ही आमच्या घरचीच खूण होती. बाबांनी ती स्वतः काढली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी ती दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. कानाची चादर खाली गेली, बिनकानाची वर. शिट्टी म्हणाली, "आधी लॉन्ड्रीत होतास का?"

"नाही."

"मग हे कुणी शिकवलं? नव्या माणसाला मला महिनाभर ओरडून सांगावं लागतं."

मी विचारलं, कोपरा आत घालायचं कुणी ठरवलं? म्हणाली, "लॉन्ड्रीवाल्यांची पद्धत आहे. मी आले तेव्हापासून आहे." आणि मग, "उद्यापासून ये. महिनाभर बघू."

अडीच वाजत आले. शिट्टी वाजली.

तुमचा धाकटा दीर


मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

माझं पहिलं पत्र अजून तुमच्यापर्यंत पोचलंही नसेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काम चांगलं आहे. पाय दुखतात, पण ते सगळ्यांचेच दुखतात. मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी खोलीत शिरतो तेव्हा माणूस नुकताच गेलेला असतो. न्हाणीतला आरसा वाफेने धुरकट असतो. पेल्यात बोटभर पाणी असतं. उशीत डोक्याचा खड्डा असतो आणि हात लावला तर कधीकधी तो कोमट लागतो. मी तो बुजवतो आणि पुढच्या खोलीत जातो. दिवसभर मी फक्त गेलेल्या माणसांच्या मागून फिरतो. एकाही माणसाचं तोंड पाहिलेलं नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "नशीबवान आहेस. माझी माणसं समोर बसून सूप गार आहे म्हणतात."

आणि रोज सकाळी लॉन्ड्रीची गाडी येते. रोज गठ्ठ्यात कान असतात. मी ते मोजत नाही, पण सापडतातच. कोपरा आधी आत, मग अंगठ्याने एकदा दाबलेला. अंगठ्याने दाबायची सवय बाबांना नव्हती. ती दादाची. मी लहान असताना तो माझाही अंगठा धरून दाबायचा, "असा बस म्हणायचं त्याला, नाहीतर उठतो."

चादर हातात घेतली की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी दार उघडं ठेवून काम करतो.

गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, तुमच्याकडे घड्या कोण घालतं?

"पोटमाळ्यावर दहा-बारा जणं असतात."

"त्यात आमच्याकडचा कुणी? उंच, डाव्या भुवईत खूण?"

"बाबा रे, मी गठ्ठे उचलतो. पोटमाळ्यावर चढायला मला पगार मिळत नाही."

लॉन्ड्री शहराबाहेर आहे. महिना पुरा होईपर्यंत मला सुट्टी नाही. एक दिवस गेलो नाही तर माझ्यासारखे बाहेर रांगेत उभे आहेत. तेव्हा मी एक केलं. वापरलेल्या चादरी आम्ही तशाच बोचक्यात कोंबून परत पाठवतो. काल त्यातली एक मी नीट घडी घातली, तिला दोन्ही बाजूंनी कान घातले आणि बोचक्यात सगळ्यात वर ठेवली. दोन कान ही फक्त आम्हा दोघा भावांतली खूण होती. बाबांनासुद्धा ती माहीत नव्हती. तिचा अर्थ तुम्हाला सांगण्यासारखा नाही, पोरकट आहे. पण तिथे दादा असेल तर त्याला कळेल. आणि नसेल तर कुणालाच कळणार नाही.

तुमचा धाकटा दीर


शनिवार, १५ फेब्रुवारी
सकाळी

ती. सौ. वहिनींस,

आहे.

आज सकाळच्या गठ्ठ्यात सगळ्यात वरच्या चादरीला दोन कान होते. दोन्ही अंगठ्याने दाबलेले. माझ्याकडे पाहणारं कुणी नव्हतं म्हणून बरं, मी चादरीत तोंड खुपसून रडलो आणि मग ती चादर बदलावी लागली.

अजून भेटलो नाही. पण आहे. मुदतीच्या आत पोचावं म्हणून जास्तीचं तिकीट लावतो आहे, त्याने पाच-सहा दिवसांत पोचतं म्हणतात. पत्र पुन्हा वाचून बघत नाही.

तुमचा धाकटा दीर


बुधवार, ५ मार्च
संध्याकाळ

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

महिना पुरा झाला. शिट्टीने मला कायम केलं आणि बुधवारची सुट्टी दिली. आज लॉन्ड्रीत जाऊन आलो. परतीच्या बसमध्ये लिहितो आहे, अक्षर हलतं त्याबद्दल माफी.

काय घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर राहील.

लॉन्ड्री म्हणजे पत्र्याची मोठी शेड आहे. आत शिरताना चष्म्यावर वाफ धरली आणि काही क्षण काहीच दिसेना. यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, लोक हाताने खुणा करतात. पोटमाळ्यावर जायला लोखंडी शिडी आहे. मी चढताना मनात वाक्य ठरवत होतो. "दादा, मी आलोय" म्हणावं की नुसतंच समोर उभं राहावं? वर दहा-बारा माणसं लांब टेबलांशी उभी राहून घड्या घालत होती. आणि वहिनी, सगळे कान घालत होते. एकूण एक. म्हातारा होता तोही, आणि कालपरवा आलेली पोरगी होती तीही. चादर उजेडाकडे धरायची, भोक दिसलं की कोपरा आत, वर अंगठा. एखाद्याच्या घरात आपल्या आईच्या हातची चव लागावी तसं झालं मला.

मी एकेक चेहरा पाहिला. परत पहिल्यापासून पाहिले.

टोकाच्या टेबलाशी एक बाई होती. चाळिशीची, दुसऱ्याच कुठल्या देशातली, माझ्याइतकीच इथे उपरी. एवढ्या उकाड्यात तिने निळा पुरुषी स्वेटर घातला होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या, कोपरांवर करड्या लोकरीची ठिगळं. मी तिच्या पुढ्यातली एक चादर घेतली आणि दोन कान घालून तिच्यासमोर ठेवली.

तिने हात पुसले. माझ्याकडे पाहिलं. आणि तुमच्या-माझ्या भाषेत म्हणाली, "कान."

मग इथल्या भाषेत, मोडकंतोडकं, "हॉटेलातून आलेली चादर, ती तू घातलीस?"

"हो."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मला वाटलं तो आला."

वहिनी, त्या दिवशी माझ्या दोन कानांना तिने उलट दोन कान पाठवले होते. दादाने तिला ती खूणही शिकवली होती.

पुढचं थोडक्यात. दादा तिथे काम करत होता. खूण त्यानेच सुरू केली, कारण फाटक्या चादरी परत आल्या की हॉटेलवाले लॉन्ड्रीच्या मजुरीतून पैसे कापायचे. पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो टेबलाशी काम करताना कोसळला. छातीत दुखत होतं. लॉन्ड्रीच्याच गाडीतून त्याला सरकारी हॉस्पिटलात नेलं. ही दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तुमचं नातं काय?" तिच्याकडे दाखवायला काही कागद नव्हता. पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पहारेकऱ्याने आतच सोडलं नाही. पुढे काय झालं ते तिला माहीत नाही. बरा होऊन घरी गेला असेल, असं ती धरून चालली होती. आपल्या घरी.

आता मी काय केलं ते लिहितो. तुम्हाला मी 'आहे' कळवलं ते डोळ्यांनी बघून कळवलं नव्हतं. आणि दोन कानांचा अर्थ मी लपवला. बाबा तापलेले असले की आधी घरी पोचलेला भाऊ ओट्यावरच्या गठ्ठ्यातल्या वरच्या चादरीला दोन कान घालून ठेवायचा. म्हणजे, आत येऊ नको. मी त्याला पाठवलं ते ओळख पटावी म्हणून. परत आलं तेव्हा मला वाटलं, दादाच म्हणतोय, येऊ नको. मला राग आला नाही. आनंदच झाला, की निदान नको म्हणायला तरी तो आहे. म्हणून तुम्हाला अर्धंच लिहिलं.

अजून काही ठरलेलं नाही. माझ्या पासपोर्टवर त्याचंच आडनाव आहे, बाबांचं नाव आहे. खिडकीवरच्या माणसाला मला टाळता येणार नाही. पुढच्या बुधवारी जातो. हॉस्पिटलातून माणसं दुसरीकडेही हलवतात, असं काका म्हणतात. तोपर्यंत तुम्ही भावाला काही कळवू नका, असं लिहिणार होतो. पण फेब्रुवारी संपला.

निघताना त्या बाईने मला डबा पुढे केला आणि म्हणाली, "चल, जेवून घे." आपल्या भाषेत, अगदी बरोबर. मी म्हटलं, हे कुठे शिकलात? ती डबा उघडायला लागली. लॉन्ड्रीत सगळे एकत्र जेवतात, तिथे कानावर पडलं असेल.

तुमचा धाकटा दीर


शुक्रवार, १४ मार्च
पहाट, कामावर जायच्या आधी

ती. वहिनींस,

पहिली ओळ वाचून तुम्ही थांबला असाल. मी ती तीन कागदांवर लिहिली. दोन कागदांवर हात सवयीने 'सौ.' लिहून गेला. हा तिसरा.

दादा नाही, वहिनी. हॉस्पिटलात नेल्यावर चौथ्या दिवशी गेला. पाच वर्षं होतील या उन्हाळ्यात.

परवा मी गेलो तेव्हा ती लॉन्ड्रीतली बाई फाटकापाशीच उभी होती. मी बोलावलं नव्हतं. आम्ही दोघे खिडकीपाशी गेलो. आतला माणूस तरुण होता, माझ्याच वयाचा, आणि सभ्य. त्याने पासपोर्ट बघितला, मशीनमध्ये नाव घातलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला, तेव्हाच मला कळलं. त्याने मला खुर्ची दिली. मग तिच्याकडे पाहून विचारलं, "आणि या कोण?"

मी म्हणालो, "घरच्याच."

हे मी का म्हणालो ते मला विचारू नका. त्याने तिलाही खुर्ची दिली.

कुणी न्यायला आलं नाही म्हणून शहरानेच त्याला पुरलं. बेवारशांची रांग भिंतीला लागून आहे, प्रत्येक जागेवर एक लोखंडी पाटी आणि पाटीवर आकडा. गवत कापलेलं होतं, तेवढं बरं वाटलं. काय करायचं ते आम्हाला दोघांनाही सुचेना. मला मंत्र येत नाहीत, तिची प्रार्थना काय असते मला माहीत नाही. पाटी एका बाजूला कलली होती. तिने ती सरळ केली आणि बुडाशी माती अंगठ्याने दाबून बसवली. मग आम्ही बसने परत आलो. वाटेत ती म्हणाली, "म्हणजे तो घरी गेलाच नाही." मी म्हटलं, "नाही." तिला हुंदका आला तो दुःखाचा होता की आणखी कशाचा, मी पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत बसलो.

खोलीवर आलो तर तुमचं पत्र आलेलं होतं. 'आहे' ला आलेलं उत्तर.

ते मी आता जवळ घेऊन बसलो आहे. तुम्ही लिहिता, "भावाला नाही म्हणून सांगितलं. आठवडा झाला, तो माझ्या पंगतीला बसत नाही. त्या गृहस्थांचं दुसरीकडे जमलं, पुढच्या महिन्यात लग्न आहे. मला त्याचं काही नाही. तुम्ही दादाला बोल लावू नका, इतके दिवस कुठे होतास म्हणू नका. फक्त विचारा, निळा स्वेटर अजून अंगात बसतो का. मापाचा अंदाज चुकला होता माझा, बाह्या लांब झाल्या होत्या."

हे मी दोनदा वाचलं. तो स्वेटर तुम्ही विणलेला होता हे मला माहीत नव्हतं. तुम्ही विणत होतात तेव्हा मी शाळकरी, घरात लक्ष नसायचं. दिसेल ते सगळं लिहायची मला खोड आहे, म्हणून मागच्या पत्रात मी बाह्यांसकट, ठिगळांसकट लिहून गेलो. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा तेही तुम्ही वाचलेलं असेल. मी सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं असेल.

तेव्हा आता लपवून काय करू? काल संध्याकाळी पाळी संपल्यावर तिच्या खोलीवर गेलो होतो. दादाच्या चपला दाराशी आहेत, टाचेकडे झिजलेल्या, त्याच्या चालीने. फळीवर दोन कप आहेत. त्याची दाढी करायची पेटी आहे, ती तिने मला दिली. तिनेच सांगितलं की लग्न झालेलं आहे हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तुमचा फोटो तिला दाखवला होता, आणि दर महिन्याला पत्र लिहायला बसायचा आणि फाडायचा. बाबांनी "तोंड दाखवू नकोस" म्हटलं होतं, तेच धरून बसला होता म्हणे. मला ते खरं वाटतं आणि पुरेसं वाटत नाही. त्याच्या इथल्या त्या दोन वर्षांबद्दल तुम्हाला काय वाटावं, हे सांगायला मी फार लहान आहे. तुम्ही आमचं घर सोडून गेलात त्या दिवशी, "माझा पोरगा हिच्यामुळे गेला" असं बाबा अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले होते. मी तुमची बॅग स्टँडवर पोचवली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. आता तरी लिहितो. तो तुमच्यामुळे गेला नव्हता.

ते किराणावाले गृहस्थ माझ्या एका शब्दामुळे गेले. पाठवलेलं पत्र परत बोलवायचा काही उपाय असता तर मी केला असता. लॉन्ड्रीतून आलो त्या रात्री फोनही लावला होता. तुमच्या भावाने उचलला. "कोण बोलतंय?" मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. तो मीच होतो.

आईला अजून कळवलेलं नाही. तिला तुम्ही सांगाल का, असं विचारायला माझं तोंड नाही. मीच लिहीन.

काकांनी काल त्यांच्या वाटणीची भाजी माझ्या ताटात घातली आणि म्हणाले, "खा. रडायचं तर खाऊन रड, उपाशी रडलं की डोकं दुखतं." मग स्वतःच तोंड फिरवून बसले.

कामावर जायलाच हवं. मी जातो. आजही गाडी येईल, आजही गठ्ठ्यात कान असतील. लॉन्ड्रीतल्या त्या पोरीला कुठे माहीत आहे की ती कुणाच्या हाताने घडी घालते. मला आधी भीती वाटायची, मागे कुणी उभं असल्याची. आता मागे कुणी नाही हे कळलं आहे, तरी दार उघडंच ठेवतो. एक चादर खाली घालतो, एक वर घालतो, आणि अंगठा आपोआप जातो तिथे.

वाटेत पोस्ट लागतं. तिथेच हे टाकतो. पैशाचा हिशेब खाली देतो, कारण पैसे दादाचे आहेत आणि सही मी केली आहे.

तुमचा धाकटा दीर

खर्च
मृत्यूच्या दाखल्याची नक्कल, दोन प्रती: १५
बस, दोन माणसं, हॉस्पिटल आणि दफनभूमी: १२
फोन, तुमच्या भावाने उचलला तो: ३
पाटीवर नाव घालायचा विसार: ४०
एकूण ७०. हे माझ्या पगारातून, धरू नयेत.

जमा
लॉन्ड्रीकडे पाच वर्षं पडून असलेली दादाची मजुरी, मी सही करून घेतली: १९०

देणे
पाटीवाल्याला बाकी: ४०, पुढच्या पगारात देईन.
तुम्हाला, मनिऑर्डरने आज: ९५
इथे: ९५. त्या बाई घेत नाहीत. मी टेबलावर ठेवले, त्यांनी परत माझ्या खिशात घातले. पैसे नकोत, स्वेटर ठेवू का, एवढंच विचारतात. तो द्यायचा अधिकार माझा नाही. तुम्ही कळवाल तसं. एक ओळ पुरे.